बाळंतिणीनं रडायचं नाही

आमच्या दारात चार म्हशी आहेत आणि अर्ध्या गल्लीचा चहा आमच्या दुधावर होतो. त्या घरात माझा लेक पिराजी कागलच्या कंपनीतनं येताना दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन आला. मी तो पदराखाली झाकून आत नेला. कुणी बघितलं असतं तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

डबा नातीसाठी होता. पोरगी दोन महिन्यांची, आणि तिच्या आईचं, म्हणजे माझ्या सुनेचं, क्रांतीचं दूध कमी कमी होत चाललेलं. बाळाचं वजन वाढायचं थांबलं होतं.

क्रांतीची आई तिकडं जयसिंगपूरला अचानक वारली. बाळाला घेऊन ही पोचली, तर बायकांनी हिला लांबच बसवलं. परत आल्यावर मीही तेच केलं. दुखवट्याला येणाऱ्या बायका आपल्याकडं गळ्यात पडून रडतात. मी उंबऱ्यातच उभी राहायचे. "चहा घ्या, बोला आणि जावा. बाळंतीण हाय, रडली तर दूध आटंल." हे मला माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. शेजारच्या चिमणाबाईच्या डोळ्याला तर कायम नळ. तिला मी पायरीवरनंच परत लावली.

क्रांती शहाणी. एकदाही रडली नाही. हळिवाची खीर खाल्ली, शेपू खाल्ला, पुढ्यात ठेवीन ते मुकाट खाल्लं. दूध काही वाढलं नाही.

शेवटी दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, दोष काही नाही, डबा चालू ठेवा आणि अंगावर पाजायचंही सोडू नका. बाहेर आल्यावर तिथली नर्स, निशिगंधा नावाची, कालची पोर, मला बाजूला घेऊन म्हणाली,

"आजी, घरात हिला कुणी जवळ घेतं का?"

"का? ती काय तान्ही हाय?"

"आई गेलीया न्हवं तिची."

"म्हणून तर जपतोय. डोळ्यातनं टिपूस काढू दिलं न्हाय आम्ही."

"मग काढू द्या की आता. रडल्यानं दूध आटत न्हाय, आजी. बाई आतल्या आत कुढत बसली की उतरायचं थांबतं."

रिक्षात मी सगळ्या वाटेनं धुसफुसत होते. मला शिकवणारी ही कोण? पण एक गोष्ट काही केल्या डोक्यातनं जाईना. या पोरीला मी खाऊ घातलं, लुगडी घेतली, बोलण्याचा मारही भरपूर दिला. पाठीवर हात काही फिरवला नव्हता.

संध्याकाळी ती परातीत पीठ मळत होती. बाळ पाळण्यात कुरकुरत होतं.

"हिकडं ये," मी म्हणाले.

"काय चुकलं, आत्या?"

"चुकायलाच कशाला पायजे? ये म्हटलं की यायचं."

ती पिठाचे हात वर धरून समोर उभी राहिली. मला तरी कुठं सवय. आमच्यात फार तर कानशिलावर बोटं मोडतात, आणि माया संपते. मी तिच्या पाठीवर हात टाकला आणि ओढून घेतली. खांबाला मिठी मारल्यासारखं वाटलं.

"आत्या, मला रडू येईल."

"येऊ दे."

"पण दूध..."

"आटू दे. डबा हाय की."

मग ती रडली. आईला शेवटचा हातसुद्धा लावू दिला नाही म्हणाली, लांबनंच बघितलं म्हणाली. पुढचं काही कळेना. तिचे पिठाचे दोन्ही पंजे माझ्या चांगल्या इरकलीवर उमटले, तरी मी बोलले नाही. माझ्यासाठी हे काही थोडं नव्हे. नुसती थोपटत राहिले. हळूहळू तिचं अंग सैल पडलं, सगळा भार माझ्यावर आला, आणि माझ्या चोळीला छातीपाशी ओल लागली. आसवं म्हणावीत, तर तिचं तोंड माझ्या खांद्यावर. तिनंच आधी ओळखलं आणि तशीच पाळण्याकडं पळाली.

"हात धू आधी, भवाने," मी मागनं ओरडले.

एका दिवसात सगळं सुरळीत झालं असं नाही. डबा पुढं बरेच दिवस लागला. पण त्या संध्याकाळी पोरगी गटागटा प्याली आणि पितापिताच झोपली.

पिराजी कामावरनं आला तेव्हा आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो होतो. बाळ तिच्या मांडीवर, तिचं डोकं माझ्या खांद्यावर, डोळे सुजलेले. चूल थंड. तो घाबरलाच.

"काय झालं, आई?"

"काय न्हाय. रडलो जरा. तू पण ये."

"मी? घामानं भिजलोय. मशीनचं तेल हाय अंगाला."

"जन्मलास तवा काय अत्तर लावून आलतास? ये."

एवढा बाप्या माणूस, पण त्यानं आधी गल्लीत डोकावून बघितलं. मग दाराला आतनं कडी लावली आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला.