घाण कुणाची?

मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे. जवळ यायचं तर नाक दाबून या. माझ्या चौथऱ्यावर लोक दात घासतात आणि फेस तिथेच थुंकतात. मला हात असते, तर मी माझंच तोंड धुऊन घेतलं असतं.

माझा जन्म लोखंड ओतण्याच्या कारखान्यात झाला. मग मला एका तीन मजली इमारतीच्या आवारात तुतीच्या झाडाशेजारी उभं केलं. दांडा हलवला की थंडगार पाणी पडे. लोक माझी वाहवा करत आणि मी फुगून जाई. खरं तर मान तुतीचा होता. तिच्या मुळांनी जमीन भुसभुशीत ठेवली होती. पावसाचं पाणी त्या वाटेने खाली मुरे आणि मी तेच वर आणी.

हे फक्त तळमजल्यावरच्या शिंप्याच्या बायकोने ओळखलं होतं. सगळे त्यांना काकू म्हणत. माझ्याखाली सांडलेलं पाणी त्यांनी चर खणून तुतीकडे वळवलं होतं.

एका उन्हाळ्यात माझी धार बारीक झाली. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, "हे झाडच आपलं पाणी पितंय. वर तुती पडून माझी गाडी जांभळी होते. नुसती घाण!"

"घाण तुतीची की तुमच्या चुळांची?" काकू म्हणाल्या. "तिचा गळा आवळाल तर हापशाचाही घसा कोरडा पडेल."

"काहीतरीच! झाड पाणी पितं, देतं कुठे? शेंबडं पोरही सांगेल."

पुढे काकू आजारी पडल्या आणि गेल्या. आता अडवणारं कुणी नव्हतं. बुंध्याला भिडेपर्यंत सिमेंट ओतलं. चर बुजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, "किती स्वच्छ झालं!"

दोन पावसाळे पाणी सिमेंटवरून घसरून गटारात गेलं. तुती वाळू लागली. मी नुसता खाकरू लागलो. दोषी कोण? तर म्हणे तुतीच! तिला तोडायचं ठरलं.

तेव्हा शिंपीकाका छिन्नी-हातोडा घेऊन आले आणि बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडू लागले.

"काका, फरशी सगळ्यांची आहे!" सेक्रेटरी ओरडला.

"मग बोलाव सगळ्यांना. हातोडा एकच आहे, पाळीपाळीने मारू."

लाकूडतोड्या आला तेव्हा काका शिलाई मशीन मांडून झाडाखालीच बसले होते. "एवढी बाही लावून होऊ दे," ते म्हणाले. ती बाही संध्याकाळपर्यंत लागली नाही. लाकूडतोड्या हसत निघून गेला. पुन्हा बोलावलं तरी आला नाही.

पुढच्या पावसाचं पाणी त्या उघड्या मातीत मुरलं. तुतीच्या एका फांदीला पालवी फुटली. बाकीच्या वाळल्या त्या वाळल्याच. काही दिवसांनी माझ्या तोंडातून गढूळ, मग निवळ धार आली. पहिली बादली कुणी लावली असेल? सेक्रेटरीने! बादली भरली, चूळ भरली आणि बेशरम माणूस त्या मोकळ्या मातीतच थुंकला.

काकांनी त्याच्या बादलीची कडी धरली. "आधी अर्धी तुतीला. मग घरी."

"काका, काकूंसारखंच बोलायला लागलात."

"कुणीतरी बोलायला हवं ना?"

त्याने नाक मुरडत पाणी ओतलं. त्याची किळस मला अजून येते. पण पाणी मुळांपाशी पोहोचलं.

मित्रांनो, गळलेल्या फळाला घाण म्हणू नका. बुंध्याभोवती माती मोकळी ठेवा. आणि चूळ भरायचीच असेल, तर कृपा करून मोरीत जा.