लांबचा अंदाज

जवळचं पाहणाऱ्यानं लांबचं पाहायचं नाही, आणि का म्हणून विचारायचं नाही. ऑफिसात गेले त्या पहिल्याच सकाळी काकांनी मला हा नियम सांगितला, तोही खुर्चीवरून न उठता, समोरच्या पेन्सिलींना एकेक करून टोक काढत, जणू ओली छत्री कुठे ठेवायची ते सांगतायत. बाकी कुठल्याच गोष्टीला आमच्याकडे नियम नव्हता. उशिरा आलं तरी चाले, काकांच्या रुंद टायला त्यांच्यादेखत हसलं तरी चाले.

आमचं घर दोन चलनांच्या एका जोडीवर चालत आलं आहे. एक आपलं, एक परकं. त्यांचा एकमेकांतला दर येत्या चार-पाच दिवसांत कुठे जाईल आणि वर्षा-दोन वर्षांनी कुठे असेल, हे माल मागवणाऱ्या आणि पाठवणाऱ्या दोनेकशे व्यापाऱ्यांना कळवायचं, एवढाच धंदा. पहिल्याला आम्ही जवळचा अंदाज म्हणतो, दुसऱ्याला लांबचा. व्यापाऱ्यांचे फोन काका घेतात, पत्रक छापणं आणि पाठवणं बाबांकडे, आणि लांबचा अंदाज आत्याचा. ती आतल्या खोलीत बसते. तिच्या लांबलचक टेबलावर चौकटीच्या कागदाची मांडीएवढी जाड गुंडाळी असते, आणि एका दिवसाला एक चौकट या हिशेबानं त्या कागदावर दराची रेघ चालत जाते. गुंडाळी खोलीबाहेर कधी येत नाही. तिच्यातून निघालेली चार वाक्यं तेवढी दर तीन महिन्यांनी बाहेर येतात.

जवळचा अंदाज माझ्याआधी ताईचा होता. ताई म्हणजे काकांची मुलगी, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एके काळी तिच्या हसण्यानं खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. ती आता कोपऱ्यातल्या टेबलावर पाकिटं चिकटवते. तिला काही झालेलं नाही, असं सगळे म्हणतात. कंटाळली, एवढंच. कागदावर हात न्यायची आणि हात तिथेच राहायचा. खिडकी उघडू का, असं मी पहिल्या दिवशी तिला विचारलं तेव्हा तिनं वर न बघता सांगितलं, "तू म्हणशील तसं."

"अगं, तुला उकडतंय की नाही?"

"तू म्हणशील तसं," ती पुन्हा म्हणाली आणि पुढचं पाकीट घेतलं.

मी अर्थशास्त्रात पहिली आले होते आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं. काकांनी बाबांना शब्द दिला होता की वर्षभर काम नीट केलं तर पत्रकावर माझं नाव छापायचं. घरातल्या कुठल्याही बाईचं नाव त्यावर आजवर छापलं गेलं नव्हतं, आत्याचंसुद्धा नाही. मला ते नाव हवं होतं. नियमाचं मला हसू आलं, पण त्यातलं शहाणपण मी माझ्या परीनं शोधून काढलं. लांबचं बघितलं की जवळचं बघणारा त्याच्याकडे झुकतो, त्याला हवं तेच दिसायला लागतं. पुस्तकातही हेच लिहिलेलं असतं.

काम मला आवडायचं, हे कबूल करायला हवं. रोज सकाळी मी आदल्या दिवसाची वरची आणि खालची पातळी मांडायची, वीस दिवसांची सरासरी काढायची, दर कुठे टेकून उभा राहतो आणि कुठे डोकं आपटून परत फिरतो ते शोधायचं. मध्यवर्ती बँक व्याजदराबद्दल काय पुटपुटते आहे, तेलाचा भाव काय म्हणतो, महिनाअखेर आहे म्हणून आयातदारांची परक्या चलनासाठी झुंबड उडेल का, हे सगळं डोक्यात घोळवून, मंगळवार आला की अरुंद कागदावर बाजाराच्या पुढच्या पाच दिवसांची रेघ पेन्सिलीनं काढायची. तीन वाजण्याच्या आत तो कागद पाकिटात घालून, दोन खोल्यांमधल्या भिंतीत जी छोटी खिडकी आहे तिची लाकडी फळी सरकवून आत द्यायचा. आत्याचा हात यायचा, पाकीट न्यायचा. फळी बंद व्हायची.

पहिल्या महिन्यात माझी एकही रेघ चुकली नाही.

मी हवेत होते. व्यापारी फोनवर काकांना विचारायचे की नवीन कोण ठेवलंय, आणि काका माझ्याकडे बघत म्हणायचे, "ठेवलंय एक पाखरू. कॉलेजातून नुकतंच सुटलंय." बाबा जेवताना माझ्या ताटात आणखी वाढायचे. फक्त ताई, मी तिच्या टेबलापाशी जाऊन फुशारकी मारली तेव्हा, चिकटवायचं थांबून माझ्या हाताकडे बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही. हाताकडे.

मग एका मंगळवारी मी अशी चूक केली की कॉलेजात असते तर लाजेनं मेले असते. माझ्या स्क्रीनवर सकाळपासून भलतीच जोडी उघडी होती. आपल्या चलनाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही, दूरच्या दोन देशांची ती जोडी, आणि मी तिच्याच पातळ्या मांडल्या, तिचीच सरासरी काढली, तिचीच रेघ ओढून पाकीट आत दिलं. हे लक्षात आलं तेव्हा पत्रक निघून गेलेलं होतं. मी कोणाला काही बोलले नाही. दोनशे व्यापारी आणि काकांचा रुंद टाय डोळ्यांसमोर नाचत होता.

बुधवारी दर माझ्या रेघेवरून चालला. गुरुवारी, शुक्रवारीही. सोमवारी दुपारी मी ज्या जागी एक बारीकसा उंचवटा काढला होता, त्या जागी तो उंचवटा आला, आणि कुठल्याशा बँकेच्या कोणीतरी काहीतरी विधान केलं म्हणून तो आला, असं बातम्यांत सांगितलं गेलं.

योगायोग, असं मी स्वतःला बजावलं आणि पुढच्या मंगळवारी मुद्दाम काही मांडलं नाही. दुपारचे अडीच झाले होते. जेवण अंगावर आलं की काका खुर्चीत मान मागे टाकून, तोंड छताकडे करून झोपतात. मी माझ्या जागेवरून त्यांच्याकडे बघत होते. टक्कल, कपाळ, भुवईपाशी खोलगट, मग उभं चढत गेलेलं नाक, नाकाच्या शेंड्यावरून थेट कोसळलेली कड, दोन ओठांचे दोन छोटे उंचवटे, हनुवटी, तिच्याखाली दुसरी हनुवटी, मग गळा. मी पेन्सिल उचलली आणि काकांना पाच दिवसांवर नीट आडवं केलं. काढताना हसू आवरेना. दरानं येत्या गुरुवारी काकांच्या नाकावर चढून दाखवावं, मग बघू, असं मनात म्हणत मी पाकीट आत सरकवलं. आत्याचा हात नेहमीसारखाच आला.

बुधवारी दर कपाळ चढला. गुरुवारी सकाळी तो भुवईत उतरला आणि दुपारी नाकावर गेला. शुक्रवारी शेंड्यावरून कोसळला तेव्हा काकांचा फोन एकसारखा वाजत होता आणि काका समाधानानं प्रत्येकाला सांगत होते, "आम्ही कळवलं होतं." ते आपलंच नाक खाजवत होते. मला तेव्हा मात्र हसू आलं नाही. मला वाटलं, हे मी करते आहे. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर छाती फुगली. दोन देशांमधला दर माझ्या हातातल्या शिशाच्या टोकावर चालतो, आणि ही म्हातारी माणसं मला पाखरू म्हणतात!

पुढच्या मंगळवारी दुसऱ्या हनुवटीखालून दर गळ्यापर्यंत आला. दुपारी काका आणि बाबा छपाईवाल्याकडे गेले होते, आत्या हात धुवायला उठली होती. मी आतल्या खोलीचं दार ढकललं. ते कधीच कडी लावून बंद केलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

गुंडाळीची दोन टोकं दोन लाकडी दांड्यांवर होती. मी मागचं टोक उलगडत गेले. शाई जुनी, तपकिरी पडलेली. आधी मला ताईचे दिवस लागले, खाली बारीक आकड्यांत लिहिलेल्या तारखांवरून ते ओळखता आले. तिची रेघ हसल्यासारखी होती, उगाच उड्या मारणारी. मग एका जागी ती एकदम आडवी झाली. अकरा चौकटी पट्टीनं ओढल्यासारखी आडवी. ते दिवस मला आठवत होते, तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. ताईनं काकांच्या तोंडावर "मी हे करणार नाही" म्हणून सांगितलं होतं आणि खोलीचं दार लावून घेतलं होतं. घरात सगळे कुजबुजत बोलायचे. व्यापारी वैतागले होते, दर जागचा हलतच नव्हता. बाराव्या दिवशी सकाळी ताई आपणहून बाहेर आली, तिनं केस विंचरले आणि ऑफिसला गेली. अकरा चौकटींनंतर कागदावरची रेघ पुन्हा सुरू झाली होती, पण तिच्यात आता उडी नव्हती. चढायचं तिथे चढत होती, उतरायचं तिथे उतरत होती.

मी भराभर पुढे आले. माझा पहिला महिना लागला. भलत्या जोडीचा मंगळवार लागला. मग कपाळ, भुवई आणि नाक.

तीच तपकिरी शाई. दोन्ही हनुवट्या होत्या.

"हात पुसलेस का?" मागून आत्याचा आवाज आला. "शाई जुनी आहे. ओलं लागलं तर पसरते."

मी वळले. ती दारात टॉवेल घेऊन उभी होती, आणि तिच्या मागे छपाईवाल्याकडून परतलेले काका आणि बाबा. त्यांच्यामागे ताई, हातात पाकिटांचा गठ्ठा.

"हे कधी काढलंस?" मी विचारलं. माझा आवाज वाटला होता तेवढा चढला नाही.

"तू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतीस तेव्हा."

"तेव्हा मी इथे नव्हते."

"येणार होतीस," आत्या म्हणाली.

"आणि हे नाक?"

"ते पण."

"कोणाचं नाक?" काका पुढे आले, चष्मा वर करून कागदावर वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि त्यांचा हात हळूच स्वतःच्या चेहऱ्याकडे गेला. "मूर्ख कार्टी," ते म्हणाले. "धंद्याच्या कागदावर थट्टा."

"थट्टा माझी आहे की तुमची, काका? मी पातळ्या मांडते, सरासऱ्या काढते, डोकं फोडून घेते, आणि आत सगळं आधीच काढून ठेवलंय? मग मला बसवलंय कशाला?"

"आवाज खाली," बाबा म्हणाले. "मोठ्यांशी बोलते आहेस."

"कोणीतरी काढावी लागते," आत्या शांतपणे म्हणाली. "मी काढली की नुसती शाई असते. जवळून कोणीतरी मनापासून काढली, की दर तिच्यावरून चालतो. तुझं मन त्यात आहे, म्हणून बसवलं. ताईचं राहिलं नाही."

"राहिलं नाही की ठेवलं नाहीत?"

मी ताईकडे बघितलं. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"नाव छापायचं ठरलंय तुझं," काकांनी सूर बदलला, फोनवर व्यापाऱ्याशी बोलतात तसा गोड केला. "वर्षाची वाटही बघत नाही. आजच्याच पत्रकावर छापू. तीन वाजायला आलेत. जा, आजचा कागद पुरा कर, मग घरी बसून हवं तेवढं भांडू."

"नाव तुमच्या टायवर छापा," मी म्हणाले. कानशिलं तापली होती, पण शब्द एकेक करून नीट बाहेर पडत होते. "आजचा कागद कोरा आहे आणि कोराच राहील. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. तुमच्या रेघेवरून चालायला मला मिळालेलं हे एक आयुष्य मी देणार नाही. ताईचं घेतलंत तेवढं पुरे. मी ही रेघ काढणार नाही."

हातातली पेन्सिल मी मधोमध मोडली आणि दोन्ही तुकडे आत्याच्या टेबलावर टाकले. आता आरडाओरडा होईल, काका हात उगारतील, बाबा माझं बखोट धरून मला बाहेर काढतील, या सगळ्याची माझी तयारी होती.

काही झालं नाही. काकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, बाबांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. बाहेरच्या खोलीतल्या घड्याळानं तीनचे ठोके दिले तरी कोणी खिडकीच्या फळीकडे बघितलंसुद्धा नाही. मग लक्षात आलं की ते माझ्याकडेही बघत नाहीयेत. माझ्या कोपराखाली गुंडाळीचा जो भाग उघडा पडला होता, त्याच्याकडे बघतायत.

मी कोपर उचललं. काकांच्या गळ्यापाशी, आजच्या तारखेच्या कडेवर, रेघ आडवी झाली होती.

आत्या पुढे आली. तिनं पेन्सिलीचे तुकडे अलगद बाजूला सारले, उजव्या हाताची तर्जनी त्या आडव्या रेघेवर ठेवली आणि ती एकेका चौकटीवरून पुढे नेऊ लागली. फक्त तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.