येतं

तोकुजीने शर्टाचं शेवटचं बटण लावलं. एरवी पाऊण तास घालवणारा माणूस आज सहाही बटणं लावून मोकळा झाला.

"येतं की तुम्हाला," पालिकेतून तपासणीला आलेल्या नागुमोबाई म्हणाल्या आणि कागदावर खूण केली.

"आज येतंय," फुसाए चिडून म्हणाली. चहाची किटली गॅसवर चढवून ती नुकतीच भावाशेजारी येऊन टेकली होती. "काल बाह्यांत पाय घालत होता."

"येतं," तोकुजी म्हणाला.

पासष्टी उलटली म्हणून मतिमंदांच्या केंद्रातलं त्याचं टॉवेलच्या घड्या घालायचं काम सुटलं होतं. आता वृद्ध म्हणून त्याला किती मदत मिळायची, ते या तासाभरात ठरणार होतं. अंगाने दुप्पट असलेल्या भावाला अंघोळ घालणं पंचाहत्तरीच्या फुसाएला झेपेना. आणि हा गडी बसला होता परीक्षेत पहिला नंबर काढायला. त्याला बोलणार तरी काय? परक्यासमोर 'येत नाही' म्हणायचं नाही, हे पन्नास वर्षं तिनेच त्याच्याकडून घोकून घेतलेलं.

"अंघोळ एकटे करता?"

"येते."

"मेल्या, परवा टबात अडकलास. शेजारच्यांना बोलवावं लागलं."

"त्यांना चहा दिला," तोकुजीने माहिती पुरवली.

फुसाएने कपाळाला हात लावला.

"घरात काय काम करता?" नागुमोबाईंनी विचारलं.

"गॅस बंद करतो."

"म्हणजे स्वयंपाक तुम्ही करता?"

"ताई करते. मग विसरते. मी बंद करतो." त्याने बोटं मोजली. "रविवारी दोनदा. काल एकदा. ताईला सांगत नाही. ताई रडते."

फुसाएने चहासाठी मांडलेला पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता.

नागुमोबाईंनी पिशवीतून दुसरा, कोरा अर्ज काढून टेबलावर ठेवला. "ताई, तुमचंही नाव लिहू?"

फुसाए काही बोलायच्या आत तोकुजी उठू लागला. दोन्ही हात टेबलावर रेटत, तिसऱ्या झटक्यात उभा राहिला आणि स्वयंपाकघरात गेला. गॅसचा खटका वाजला.

"आधी त्याचं पुरं करा," फुसाए म्हणाली. "उठायला तीन झटके लागले, बघितलंत ना? तेवढं लिहा. मग माझं."