बटण, बटण, बटण

दादा चारचौघांत बहिणीची ओळख करून द्यायचा ती अशी : "ही आमची धाकटी. वेबसाइटला बटणं लावते." लोक हसायचे. सुरुवातीला धाकटीही हसली. पुढे तिने हसणं सोडलं, तर दादा म्हणायला लागला, "हिला विनोद कळत नाही."

घरात सगळे तिला धाकटी म्हणत, म्हणून दुकानातही तेच नाव चिकटलं. दुकान मूळचं बाबांचं. आजारी माणसाला घरी जे जे लागतं ते तिथे मिळायचं. चाकांच्या खुर्च्या, वॉकर, कमरेचे पट्टे, डोक्याकडून उचलता येणाऱ्या खाटा, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या गाद्या. बाबांनी एका गाळ्यात सुरू केलेला हा धंदा दादाने चार शहरांत नेला. आणि निम्म्याहून जास्त विक्री घरबसल्या फोनवरून व्हायला लागली, ती धाकटीच्या वेबसाइटमुळे. दादाने हे शेवटचं कधी तोंडातून काढलं नाही.

धाकटी फ्रंटएंड डेव्हलपर होती. माल किती शिल्लक, पैसे पोचले की नाही, हे सांभाळणारी माणसं वेगळी. गिऱ्हाइकाला जे दिसतं, जे ऐकू येतं, ज्यावर त्याचं बोट पडतं, ते धाकटीचं काम. या दुकानाचं गिऱ्हाईक निवांत नसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. एका हाताने आईला धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमोडची खुर्ची शोधायची, अशी त्याची गत. म्हणून ती दुपारभर वहिनीशेजारी जाऊन बसायची. दुकानाचे फोन वहिनी घ्यायची. माणसं कुठे अडतात, कशाला वैतागतात, ते धाकटी ऐकायची आणि जागेवर जाऊन दुरुस्त करायची. अक्षरं ठसठशीत. थरथरतं बोट भलत्याच ठिकाणी पडू नये म्हणून बटणं सुटी सुटी. तिच्या खणात काचा तडकलेले जुने फोन होते. त्या सगळ्यांवर पान झटकन उघडल्याशिवाय ती उठायची नाही. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो. त्याला वाचता यावं म्हणून प्रत्येक बटणाला तिने आतून नाव दिलेलं होतं.

मग एका बड्या कंपनीने दुकानाचा अर्धा वाटा घ्यायची इच्छा दाखवली, आणि दादाचे पाय जमिनीवर राहिनात.

"आपली वेबसाइट दवाखान्याच्या भिंतीसारखी दिसते," तो म्हणाला. त्याने धाकटीला न विचारता एक एजन्सी गाठली. एजन्सीवाला आला तो अत्तराच्या ढगातच. त्याने मोठ्या पडद्यावर नवं पान उघडलं. समुद्रकिनारा, त्यावर हसत पळणारं जोडपं, आणि पांढऱ्यावर करड्या रंगात केसासारखी बारीक अक्षरं.

"यात आजारी कोण आहे?" धाकटीने विचारलं.

"मॅडम, आपण वस्तू विकत नाही. भावना विकतो."

"कमोडची खुर्ची शोधणाऱ्याकडे भावना आधीच पुष्कळ असतात हो."

वहिनीला हसू आवरेना. दादाने तिच्याकडे असं पाहिलं की ती फोनचं निमित्त करून उठली.

धाकटीने खणातला एक जुना फोन आणून त्यावर ते पान उघडलं. गोल चक्र फिरत राहिलं, पान काही येईना. "ही अक्षरं बाबांना वाचून दाखवा म्हण," ती दादाला म्हणाली. "आणि या बटणांना नावंच नाहीत. न दिसणाऱ्या माणसाने काय करायचं?"

"तुझं काम बाजूला पडतंय म्हणून पोटात दुखतंय तुझ्या," दादा सगळ्यांसमोर म्हणाला. "बटणं लावणाऱ्याने बटणं लावावीत. धंदा मला कळतो."

धाकटीचे कान तापले. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर तिने तिथेच सुनावलं असतं. पण दादा होता, बाबा घरी होते, आणि एजन्सीवाला मान तिरकी करून मजा बघत होता. तिने फोन उचलून पुन्हा खणात ठेवला. नवी वेबसाइट सुरू झाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात वहिनीचे फोन वाढले. वहिनी एक फोन ठेवायची, तोवर दुसरा. "सापडत नाही," "उघडत नाही," "कुठे दाबायचं?" दादा म्हणाला, फोन वाढले म्हणजे लोकांना रस वाटतोय.

मग एके सकाळी ऑपरेटरकाका काठी टेकत दुकानात आले. ते जन्मापासून आंधळे. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, आता निवृत्त. त्यांची बायको बऱ्याच काळापासून अंथरुणावर होती. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "वेबसाइटचं काम बघते ती मुलगी कुठे आहे?"

"मी, काका."

"ओळखला आवाज. तूच ना? माझा फोन 'गादी'चा उच्चार भलताच करत होता, मी कळवलं, तर तू त्याच दिवशी दुरुस्त केलंस. तेव्हा वाटलं होतं, पलीकडे कोणीतरी माणूस आहे." त्यांनी खिशातून फोन काढला, आवाज मोठा केला आणि पडद्यावरून बोट फिरवायला लागले.

"बटण," फोन म्हणाला. "बटण. बटण. चित्र शून्य सात चार. बटण."

"सांग," काका म्हणाले. "यातली गादी कुठली?"

धाकटीने त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. काका बसले नाहीत.

"हिची हवेची गादी फुटली. दोन दिवस मी हेच ऐकत बसलोय. तुमचा नंबर वर असायचा, तोही गायब."

नंबर आता समुद्राच्या चित्रात कोरलेला होता. दिसणाऱ्याला दिसे. फोनला तो वाचता येत नव्हता.

"दोन दिवस ती साध्या गादीवर पडून होती," काका म्हणाले. आता त्यांचा आवाज चिरकला. "पाठीला जखम झाली. मला दिसत नाही, मुली. अंग पुसताना बोटांना लागली. कशासाठी केलंत हे? मी एकटा सगळं करत होतो ना? कुणाच्या दारात जात नव्हतो. तेवढंही बघवलं नाही तुम्हाला?"

आपल्या काचेच्या खोलीतून दादा धावत आला. "काका, शांत व्हा. गादी आम्ही फुकट देतो तुम्हाला."

"भीक मागायला नाही आलो!" काकांनी काठी जमिनीवर आपटली. "विकत घ्यायला आलोय. ते जमू देत नव्हतात तुम्ही."

वहिनीने गादी बांधून दिली, काकांना गाडीत बसवलं. त्यांनी पूर्ण किंमत मोजली आणि जाताना धाकटीशी एक शब्दही बोलले नाहीत.

गाडी वळली तसा दादा म्हणाला, "वाईट झालं. पण एका माणसासाठी आता काही हलवायचं नाही. परवा ती कंपनीची माणसं येताहेत." त्याने एजन्सीवाल्याला फोन लावून सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"बटणांना नावं द्यायचं काम दुसऱ्या टप्प्यात घेतलंय सर," एजन्सीवाला म्हणाला.

"माणसाची पाठ दुसऱ्या टप्प्यात?" धाकटी किंचाळली. तिचा चढलेला आवाज दुकानाने पहिल्यांदाच ऐकला. मागे खाटा जोडणारे कामगार हातातलं काम टाकून बाहेर आले. "आधी समुद्र, आधी हसणारी माणसं, आणि पाठ नंतर? लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला?"

ती तरातरा आपल्या जागेवर गेली. "दादा, इकडे ये. चोरून करायचं नाही मला. तुझ्या डोळ्यांदेखत जुनी वेबसाइट परत लावतेय."

"हात काढ तिथून. दुकान माझं आहे."

"असेल. पण फोनवरून येणाऱ्याला दार मी करून दिलं होतं. तू तिथे भिंत घातलीस."

आणि तिने जुनी वेबसाइट लावली. दादाचा चेहरा लालबुंद झाला. त्याने एजन्सीवाल्याला नवी वेबसाइट पुन्हा लावायला फर्मावलं, पण घाईत काहीतरी मोडेल, मग पाहुण्यांसमोर शोभा होईल, असं म्हणून एजन्सीवाल्याने हात वर केले. दादाचा नाइलाज झाला.

घरी जेवताना बाबा म्हणाले, "धाकटे, तो मोठा आहे. तू जरा नमतं घे."

"बाबा, तुम्ही लोकांच्या घरी जाऊन स्वतः खाट जोडून द्यायचात. त्या बाईंची पाठ तुम्ही बघितली असती तर मला नमतं घे म्हणाला असतात?"

बाबांनी पुढचा घास घेतला नाही. पण दादालाही ते काही बोलले नाहीत, आणि धाकटीला त्याचाच जास्त राग आला.

तिसऱ्या दिवशी कंपनीची माणसं आली. त्यांची प्रमुख बाई कमी बोलणारी होती. तिने हिशेब ऐकला, गोदाम पाहिलं, मग म्हणाली, "तुमची वेबसाइट काल माझ्या वडिलांना दिली होती. हात कापतात त्यांचे. पण न चिडता त्यांनी वॉकर शोधला. हे कोणाचं डोकं?"

"आमचं धोरणच आहे ते," दादा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला. "गिऱ्हाइकाचं दुखणं आधी, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या धाकटीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली असेल. मग संताप असा उसळला की खुर्ची मागे पडली.

"खोटं," ती म्हणाली.

दादा हसला. "आमची धाकटी जरा..."

"धाकटी घरात. इथे फ्रंटएंडचं काम बघते मी." आणि तिने सगळं सांगितलं. समुद्र, करडी अक्षरं, काका, जखम. दादाने दोनदा मधे तोंड घालायचा प्रयत्न केला.

"बोलू द्या तिला," दारातून वहिनी म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. "फोन मी घेते. ती म्हणतेय ते शब्दन्‌शब्द खरं आहे."

पाहुणे चहा न घेता गेले. दादाने हातातली किल्ली भिंतीवर भिरकावली. "घर बुडवलंत दोघींनी!"

घर बुडलं नाही. महिन्याभराने ती कंपनी परत आली, वाटाही घेतला. वडिलांनी न चिडता वापरलेली वेबसाइटच त्या प्रमुख बाईला हवी होती. करारात त्यांनी लिहून घेतलं की वेबसाइटचं कोणतंही पान धाकटीच्या होकाराशिवाय बदलायचं नाही. एजन्सीवाल्याची गच्छंती झाली. पण दादाने बहिणीची माफी मागितली नाही आणि तिच्याशी बोलणंही टाकलं. काही सांगायचं असलं की वहिनीला म्हणायचा, "तिला सांग." धाकटीने आपलं टेबल उचलून वहिनीच्या शेजारी आणलं. दादा समोरून गेला की अजूनही तिच्या कपाळाची शीर उडते.

एका दुपारी ती ऑपरेटरकाकांकडे गेली. काकांनी दार उघडलं, पण दारातून हलले नाहीत.

"जखम कशी आहे काका?"

"भरतेय. वेळ लागेल म्हणाले डॉक्टर."

"जुनी वेबसाइट परत लावलीय."

"कळलं. वापरली मी."

"तुमचा राग गेला नसेल."

"नाही गेला."

आतून बारीक आवाज आला, "कोण आहे हो?"

"ती वेबसाइटवाली."

"मग तिला आत तरी घ्या."

"घेतो. आधी माझं बोलून होऊ दे." काकांनी खिशातून फोन काढला. "पत्ता बदलायच्या पानावर हा अजून अडखळतो. आणि पैसे भरले की नुसतं 'टिंग' वाजतं. टिंग म्हणजे काय समजायचं मी? गेले की राहिले?"

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली आणि उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या लिहून घ्यायला लागली. "अजून काय, काका?"