दर्शनाबाईंचा आखूड बाक

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा एक जुना बाक आहे. मिरजोळ्यात राजाभाऊंच्या पडवीत माझी ठरलेली जागा होती. हल्ली ती रोज बदलते.

राजाभाऊंच्या पत्नी दर्शनाबाई न्यायाधीश होत्या. निवृत्त होऊन घरी आल्यावर त्यांनी मला करवून घेतले. सुतार म्हणाला, "बाई, दोन माणसं दाटीनं बसतील. थोडा लांब करू?"

"नको. दाटीनंच बसायला हवीत."

पुढे गावातली भांडणे कोर्टाऐवजी पडवीत येऊ लागली. बाईंची रीत एकच. भांडणाऱ्या दोघांनी माझ्यावर शेजारी बसायचे आणि आधी दुसऱ्याची बाजू सांगायची. पुष्कळ जण संतापून उठत. बाई म्हणत, "चहा होईपर्यंत बसा. आमच्या ह्यांचा चहा लवकर होत नाही."

आतून राजाभाऊ म्हणत, "मुद्दामच होत नाही."

दिवाळीनंतर बाई गेल्या. तेव्हापासून मी राजाभाऊंना समोर नको असतो आणि दिसलो नाही तर त्यांना चैन पडत नाही. सकाळी ते मला ओढत मागच्या दारी नेतात, दुपारी परत आणतात. एकदा लाकडांच्या खोपीत टाकले आणि संध्याकाळी फडके घेऊन पुसायला आले. या ओढाताणीत माझा एक पाय सैल झाला. शेवटी त्यांनी शेजारच्या अलीला सांगितले, "टेम्पो आण. हा घेऊन जा, कुठेही."

अली मला उचलत होता, तेवढ्यात फरीदा आणि गुरुप्रसाद आले. दोघांच्या बागांमधला दगडी गडगा कोसळला होता, त्यावरून त्यांचे भांडण. ते बाईंपुढे अर्धेच ऐकून झाले होते.

"बाई नाहीत आता," राजाभाऊ म्हणाले. "मी कसला न्याय देणार?"

"तुम्ही चहा ठेवा, भाऊ," फरीदा म्हणाली. "तुमच्याकडे तेवढंच काम होतं."

राजाभाऊ आत गेले. अलीने मला खाली ठेवले. दोघे बसले तसा मी डुगडुगलो. दोघांनी पाय रोवून मला धरले.

फरीदा घुश्शातच म्हणाली, "ह्याचं म्हणणं, माझ्या फणसाच्या मुळांनी गडगा पडला." मग म्हणाली, "मुळं गेलीत खाली. नाही म्हणत नाही."

"भाभीचं म्हणणं, परत रचताना मी तो तिच्या बागेत सरकवला," गुरुप्रसाद म्हणाला. "हद्दीला दोरी धरली नव्हती मी."

"मग उद्या धर. एक टोक अली धरील."

"मला कशाला मध्ये घेता?" अली म्हणाला, पण हसला.

गुरुप्रसादने आत हाक मारली, "भाऊ, मिटलं आमचं. निघतो."

आतून राजाभाऊ म्हणाले, "चहा व्हायचाय अजून. बसा."

टेम्पो रिकामाच परत गेला. राजाभाऊंनी माझ्या पायाला पाचर ठोकली. अजूनही ते मला इकडेतिकडे ओढतात, पण पडवीतल्या पडवीत.

मित्रांनो, मला आठवण म्हणून नुसते पुसून ठेवू नका. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याला घेऊन या, आणि बसा. दाटी होईल. मला तसेच केले आहे.