अष्टमीची सुकती

"हळदीला पान्याचा जार मागवला आसता तर कुनाचं काय बिघडलं आसतं?" मंदा पुटपुटली. ती तुळजाच्या इतकी मागोमाग चालत होती की पुटपुटणं थेट तुळजाच्या मानेवर येत होतं. "आमच्या ह्यांचा दोस्त जारवालाच हाय. घरी आनून देतो. थंडगार."

"थंड पान्यानं नवरी न्हानवतात का, मंदे?"

"आनि माझी चप्पल बघा. नवी हाय."

"चिखलात नवी घालून कुनी सांगितलं यायला?"

"लग्नघरची चप्पल हाय ती, ताई. मला काय ठावं, बांध एवढा फुटला आसंल."

तुळजानं धाकट्या जावेच्या पुढं पाऊल उचललं. काल्हेरच्या गोदामांच्या मागच्या भिंती संपल्या की जुन्या मिठागराचा बांध लागतो. एका बाजूला तिवरं, त्यांच्यापलीकडे खाडी. दुसऱ्या बाजूला गोदामांचे गंजलेले पत्रे. त्यांतल्याच एका गोदामात तुळजा आठ वर्षं खोक्यांवर लेबलं चिकटवत होती, पण मागून बघताना आपलं कोणतं ते तिला ओळखता येईना. सगळ्यांच्या पाठी सारख्याच.

पुढे तुळजाची लेक नेत्रा चालली होती. कमरेवर तांब्याची कळशी, हातात फोन. उद्या तिची हळद, परवा लग्न.

त्यांच्या घरी नवरीच्या हळदीचं पाणी नळाचं चालत नसे. ते बायांच्या कोंडीवरून आणायचं. तेही नवरीच्या आईबापानं जोडीनं, पदराला उपरण्याची गाठ मारून. कोंड म्हणजे खाडीकाठच्या काळ्या खडकातला कमरेएवढा, मध्ये पुरुषभर खोल डोह. भरतीला खाडी त्याला गिळून टाकी. सुकतीला खारं पाणी ओसरलं की खडकातला झरा त्याला धुऊन काढी, आणि तास-दीड तास तिथं गोडं, निवळ पाणी उभं राही. घराघरात न्हाणीघरं झाली तशी बायांची वाट मोडली. आता दोन दगडांमधून वाकून जावं लागतं हेही नव्या सुनांना ठाऊक नव्हतं.

तुळजाच्या पिशवीत उपरणं होतं. काल इस्त्री केलेलं.

लडकू, म्हणजे तिचा नवरा, सहा वर्षांपूर्वी पडघ्याच्या एका गोदामात वॉचमन म्हणून गेला. तेव्हापासून घरात कुणी विचारलं की उत्तर एकच, "ड्युटीला हायेत." गणपतीत ड्युटी, शिमग्याला ड्युटी, सासू गेली तेव्हा तासभर येऊन पुन्हा ड्युटी. सहा वर्षांत त्या माणसाला एक साप्ताहिक सुट्टी मिळाली नाही आणि त्याबद्दल घरातल्या एकानंही त्या शेठला शिवी दिली नाही, यातच सगळं आलं. दुसऱ्याच वर्षी तुळजा न सांगता पडघ्याला जाऊन आली होती. चाळीच्या दोरीवर त्याचा निळा शर्ट वाळत होता आणि त्याच्या शेजारी, त्याच चिमट्यानं अडकवलेला, लहान पोरीचा फ्रॉक. ती तशीच मागे वळली. येताना बाजारातून अर्धा किलो सुकट घेतली, कारण पडघ्याला कशाला गेली होतीस याला घरी काहीतरी दाखवायला हवं होतं.

परवा तिनं फोन केला. "अष्टमीची सुकती. कोंडीवर या. पोरीचं पानी हाय." पलीकडून तो म्हणाला, "बघतो." घरात येऊन तिनं सांगितलं, "येतो म्हनाले."

कोंडीवर तिघी पोचल्या तेव्हा पाणी नुकतंच निवळलं होतं. तळाचे खडे दिसत होते. बांधावर कुणी नव्हतं.

"येतील," मंदा बसता बसता म्हणाली. "पडघ्याहून म्हंजे नाशिक हायवे. ट्रकांनी जाम केला आसंल."

"हो ना," नेत्रा म्हणाली. "आणि इथे नेटवर्क पण नाही. केला असेल त्यांनी फोन."

तुळजानं दोघींकडे बघितलं. किती मायेनं खोटं बोलत होत्या दोघी, आणि किती सरावानं.

"अष्टमी म्हंजे आठ, आठाची पाऊनपट सहा," ती म्हणाली. "सहाला भरती, बाराला सुकती. खाडी आत हाय म्हनून वर एक तास. हे नवमी धरून निघाले आसतील. पाऊन तास मागं पडतील."

हा हिशोब तिला त्यानंच शिकवला होता, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, याच खडकावर बसून. पोहायलाही त्यानंच शिकवलं, अंधार पडायच्या आत, गावच्या बायांना चुकवून. तो तिथी कधी चुकला नव्हता.

पाऊण तास गेला. मंदानं चप्पल धुतली, वाळवली, परत धुतली. नेत्रानं कळशी उगाच उलटी-सुलटी केली. लग्नाच्या पत्रिकेवर बापाचं नाव छापताना तीच म्हणाली होती, "ठळक छापा."

तुळजाला बसवेना. तिनं साडी खोचली आणि पाण्यात उतरली.

"अगो ताई! या वयात!"

"वयाला काय पानी विचारतं?"

पाणी आधी गुडघ्याला, मग पोटाला, मग एकदम गळ्याला लागलं. दोन हात मारून ती मधोमध आली आणि पाठीवर तरंगत राहिली. कान पाण्याखाली गेले तशी मंदा गेली, नेत्रा गेली, गोदामांतली फोर्कलिफ्टची पिपाणी गेली. वर आभाळ आणि बांधाची एक कड, तिच्यावर कुणीही नाही. बाईच्या जातीला एवढी शांतता कधी मिळत नाही, आणि मिळाली तेव्हा ती तिला नको होती.

अंगाखालून एक कोमट पट्टा सरकला. तिनं ओठ चाटले. खारट.

ती उभी राहिली. खालच्या खडकावरून खाडीची पहिली जीभ आत आली होती. आणखी थोड्या वेळानं कोंड नसतीच.

"आन ती कळशी," ती म्हणाली.

नेत्रा जागची हलली नाही. मंदा घाईनं उठली. "थांबा ताई. जोडीशिवाय कसं? उद्याच्या सुकतीला मी नि हे येऊन भरतो, तुमच्या वतीनं. भावजींना आज सुट्टी न्हाय मिळाली, त्याला कोन काय करनार? वॉचमनची ड्युटी म्हंजे..."

"कळशी दे, नेत्रा."

पोरीनं दिली. झरा खडकातून जिथं ठिबकत होता तिथं, छातीभर पाण्यात, तुळजानं कळशी धरली. ती भरायला फार वेळ लागला. तिघी तो आवाज ऐकत होत्या. मग तिनं कळशी खडकावर ठेवली, पिशवीतलं उपरणं मागितलं, आपल्या ओल्या पदराला गाठ न मारता ते कळशीच्या तोंडावर बांधलं, गच्च.

"आई, बाबा..." नेत्रानं सुरुवात केली आणि नेहमीसारखी तिथंच थांबली.

सत्तावीस वर्षांत तुळजानं नवऱ्याचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नाच्या उखाण्यात, तेही हसऱ्या बायांनी दार अडवलं म्हणून. आज दार कुणी अडवलेलं नव्हतं.

"अष्टमी बरोबर हाय, मंदे," ती म्हणाली. "लडकू येनार न्हाय. लडकूनं पडघ्याला दुसरं घर केलंय."