खिळ्यावरचा एकशेसतरा

मित्रांनो, पेढ्याएवढा, पितळेचा, वरच्या कडेला भोक आणि पोटावर ११७ हा आकडा, असा मी एक जुना बिल्ला आहे; इंग्रजीत मला 'टॅली' म्हणतात. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीपासून तासाभरावरच्या एका कोळशाच्या खाणीसाठी मला घडवलं. आल्फ नावाचा कामगार मला फळीवरच्या खिळ्यावरून काढून खिशात घाली आणि खाणीत उतरे. वर आला की परत टांगे. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून खाली. पाळी संपली की फळीपाशी बसणारा म्हातारा खिळे मोजून म्हणे, "आले सगळे." ते ऐकलं की माझा जीव भांड्यात पडे.

मग खाण बंद पडली. दुकानं मिटली, माणसं पांगली आणि मी तीस वर्षं बाकीच्या बिल्ल्यांबरोबर एका खोक्यात काळा पडत बसलो. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मला बाहेर काढलं आल्फच्या मुलीने, शाळेत फुटबॉल शिकवणाऱ्या जोनबाईंनी. त्यांनी वडिलांची शिस्त संघाला लावली. शुक्रवारी बिल्ला घरी न्यायचा, शनिवारी बाईंच्या हाती देऊन मैदानात उतरायचं आणि खेळून आलं की फळीवर टांगायचा. बिल्ला नाही तर खेळ नाही! मी संघातल्या इराच्या वाट्याला आलो. तिची आई गावच्या दवाखान्यात डॉक्टर. शाळेत मुलंच उरली नव्हती, त्यामुळे संघात कसेबसे अकरा जण. एकदा जरी अकरा भरले नाहीत तर संघ बंद, असं शाळेने बजावलं होतं.

आणि हंगामातल्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी मी कुठे? देव्हाऱ्यात! इराच्या सुप्रभाआजींनी सकाळी मला चिंचेने घासलं, हळदकुंकू वाहिलं आणि बाळकृष्णाशेजारी बसवलं. इरा घाईत बॅग उचलून गेली. मान मोठा होता हो, पण मला सारखं ते खोकंच आठवत होतं.

तेवढ्यात मैदानातून फोन आला. "आजी, माझा टॅली बॅगमध्ये नाहीये! रेफरी फक्त टेन मिनिट्स थांबणार!"

"अगं बाई! देवापाशी राहिला. आणते!"

साडीवर कोट, पायांत लेकीचे गमबूट, अशा आजी धावत सुटल्या. जोनबाईंनी माझ्यावरचं कुंकू पाहून भुवया उंचावल्या.

"सॉरी हं मॅडम," धापा टाकत आजी म्हणाल्या, "इट्स फॉर लक."

"मग बाकीच्या दहांनी काय पाप केलंय?" बाई हसून म्हणाल्या.

आजींनी माझ्यावरचंच कुंकू बोटाने उचललं आणि दहाही बिल्ल्यांना लावलं.

सामना आम्ही हरलो, चार-एक. पण तो एक इराचा! आणि अकराच्या अकरा खेळले, संघ वाचला! चिखलाने माखलेल्या मुलांनी हसत-ओरडत बिल्ले टांगले, शेवटी इराने मला. आजींनी बोटाने एकेक खिळा मोजला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "आले गं बाई सगळे."

तीस वर्षांनी ऐकलं मी ते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, पण जपायचं म्हणून कोंडून ठेवू नका. पुढच्या हंगामातही शुक्रवारी मला खिळ्यावरून न्या आणि शनिवारी परत आणून टांगा. मोजायला आजी आहेतच.